बार आला, नग गेला, चिप कुठे? छोट्या कारखान्यातला साठा आणि कराचा हिशेब

छोट्या कारखान्यात ३१ मार्चचा साठा बऱ्याचदा सप्टेंबरात ठरतो. सीएच्या ऑफिसातून फोन येतो, "शेवटचा स्टॉक किती धरू?" मालक विचारतो, "नफा किती दिसतोय?" मग नफा गेल्या वर्षाच्या आसपास बसेल असा आकडा साठ्याच्या जागी टाकला जातो. त्या आकड्याच्या मागे ना मोजणीचा कागद असतो, ना वजनाची पावती. तरी ताळेबंद जुळतो आणि विवरणपत्र भरले जाते. वर्षानुवर्षे काही घडत नाही, म्हणून हीच रीत पडते.

घडते तेव्हा दोन्हीकडून घडते. जीएसटीवाले विचारतात, माल कमी का आहे. आयकरवाले विचारतात, जास्त का आहे. हिशेब नसेल तर उत्तर देण्याची जबाबदारी कारखानदाराची, आणि आकडा ठरवण्याचा अधिकार समोरच्याचा.

इथले उदाहरण सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) पोलादी बारपासून बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा भाग, बनवणाऱ्या कारखान्याचे घेतले आहे. भोसरी, सातपूर, शिरोली अशा कुठल्याही एमआयडीसीत असे युनिट सापडेल. फाउंड्री, प्रेस शॉप किंवा प्लास्टिक मोल्डिंगला आकडे बदलतील, पद्धत तीच राहील. आयकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांसाठीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि क्रमांक बदलले. त्यानंतरच्या वर्षांसाठी कलम आणि दर सीएकडून नव्याने तपासून घ्या.

कायदा नेमके काय मागतो

जीएसटी कायद्याच्या कलम ३५(१) नुसार उत्पादन, आवक, जावक आणि साठा यांचा खरा हिशेब मुख्य व्यवसायाच्या जागी असला पाहिजे. तपशील नियम ५६ मध्ये आहे. सुरुवातीचा साठा, आलेला माल, गेलेला माल, हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, निर्लेखित केलेला, फुकट नमुना म्हणून दिलेला आणि शिल्लक, हे सगळे लिहायचे. त्यात कच्चा माल, तयार माल, भंगार आणि घट अशी फोड हवी. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्यांना) साठ्याच्या या नोंदीतून सूट आहे.

याच नियमात उत्पादकांसाठी आणखी एक मागणी आहे, आणि ती फारच थोड्या लोकांना माहीत असते: दर महिन्याचा उत्पादन हिशेब. किती कच्चा माल वापरला, त्यातून किती नग निघाले, भंगार आणि उप-उत्पादन किती, हे संख्येत किंवा वजनात द्यायचे. टॅलीत खरेदी आणि विक्री चढवली म्हणजे हा हिशेब झाला, असा अनेकांचा समज असतो. खरेदी किलोत होते, विक्री नगात होते. किलोचा नग कसा झाला ते सांगणारा कागद म्हणजे उत्पादन हिशेब, आणि नेमका तोच नसतो.

आयकरात टॅक्स ऑडिट लागू असेल तर फॉर्म ३सीडीच्या कलम ३५ मध्ये हेच विचारले जाते: वापर, उत्पादन, उताऱ्याची (कच्च्या मालातून किती तयार माल निघाला त्याची) टक्केवारी, तूट किंवा वाढ. तिथे "वस्तूंचे प्रकार अनेक असल्याने तपशील देणे शक्य नाही" असे वाक्य टाकण्याची सवय आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून एवढेच कळते की इथे साठा रजिस्टर नाही.

आयकराच्या कलम ४४एडी खाली अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती सवलत आयकराच्या वह्यांपुरती आहे. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर साठ्याचा आणि उत्पादनाचा हिशेब ठेवावाच लागतो.

एका बुशचा हिशेब

३२ मिमी व्यासाचा ईएन-८ (पोलादाची एक जात) बार, लांबी ३ मीटर. गोल बारचे प्रति मीटर वजन काढायचे शॉप फ्लोअरवरचे सूत्र म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. ३२ चा वर्ग १०२४, म्हणून मीटरला ६.३२ किलो आणि बारला १८.९६ किलो.

बुशचा बाहेरचा व्यास ३१, बोअर (आतले भोक) १७, लांबी ६० मिमी. त्याच सूत्राने तयार नगाचे वजन २४९ ग्रॅम येते. बँडसॉची कट आणि फेसिंग (टोके सपाट करणे) धरून एका नगाला ६३ मिमी बार लागतो, म्हणजे ३९८ ग्रॅम. एका बारमधून ४७ नग निघतात आणि ३९ मिमीचा एंड पीस उरतो.

महिन्याला २१३ बार लागले तर:

बार वापरला: ४,०३८ किलो
कापलेले नग: १०,०११
पास झालेले: ९,८६०, वजन २,४५५ किलो
रिजेक्ट: १५१, वजन ३८ किलो
एंड पीस: ५३ किलो
चिप (मशिनवर कापताना निघणारे पोलादाचे कात्रण): १,४९३ किलो

बेरजेत एका किलोचा फरक येतो, तो दशांशांचा. उतारा ६०.८ टक्के. ड्रॉइंगप्रमाणे एकही नग रिजेक्ट झाला नाही तरी उतारा ६२.५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, कारण ३९८ ग्रॅममधून २४९ ग्रॅमच उरतात. हा ६२.५ चा आकडा ध्यानात ठेवा.

आता वर्ष धरू. बार वापरला ४८,४६१ किलो. विकले १,१८,३२० नग, म्हणजे २९,४६१ किलो. फरक १९,००० किलो, आणि तेवढे भंगार निघायलाच हवे. प्रत्यक्षात बिलाने विकलेले भंगार ९,००० किलो. बाकीचे १०,००० किलो भंगारवाल्याने रोख देऊन उचलले. दिवाळीचा बोनस, चहापाणी, टेंपोचे भाडे असे पैसे त्यातून जातात, आणि बहुतेक मालक याला कर चुकवणे म्हणतच नाहीत.

किलोला ३० रुपये भाव धरला तर ही रोख ३ लाख. १८ टक्क्यांनी जीएसटी ५४,०००. खरा प्रश्न एवढाच होता.

अधिकाऱ्यासमोर मात्र फक्त १०,००० किलो बेपत्ता पोलाद आहे. ते भंगार होते असे कुठे लिहिलेले नाही. मग तो ३९८ ग्रॅमने भागतो: २५,१२५ नग. नगाला ६० रुपये धरून १५ लाखांची लपवलेली विक्री आणि २ लाख ७१ हजारांचा कर. कलम ३५(६) त्याला हा अधिकार देते, कारण हिशेबात न सापडलेला माल विकला गेला असे धरून कर ठरवता येतो. वर कलम ५० चे १८ टक्के व्याज. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४ए लागते. त्यात साध्या चुकीला कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, जे जास्त असेल तो दंड. हेतुपुरस्सर लपवले असे ठरले तर दंड कराइतकाच.

इथे ६२.५ कामाला येतो. १०,००० किलोचे चोरून नग केले असे म्हणायचे, तर उरलेल्या ३८,४६१ किलोतून २९,४६१ किलो तयार माल निघाला असे मानावे लागेल. तो उतारा ७६.६ टक्के झाला, आणि त्या ड्रॉइंगवर तो निघूच शकत नाही. वाद इथे संपतो आणि प्रकरण ३ लाखांच्या भंगारावर येते. मात्र त्यासाठी नगाचे इनपुट वजन आणि तयार वजन आधीपासून कुठेतरी लिहिलेले, सही केलेले असावे लागते. नोटीस आल्यावर बनवलेल्या तक्त्याला तेवढे वजन नसते.

म्हणून कारखान्यात पहिला कागद करायचा तो हाच. प्रत्येक नगासाठी एक ओळ: ड्रॉइंग क्रमांक आणि त्याची आवृत्ती, मटेरियल, कट लांबी, इनपुट वजन, तयार वजन, अपेक्षित चिप, अपेक्षित रिजेक्शन. दहा नग प्रत्यक्ष वजन करून सरासरी घ्या आणि पावती सोबत लावा. ड्रॉइंग बदलले, बार ३२ ऐवजी ३५ चा आला, की नवी ओळ आणि तारीख. बाजारात ३२ चा बार मिळाला नाही म्हणून महिनाभर ३५ वापरला, हे सुपरवायझरला माहीत असते, अकाउंटंटला नसते. ३५ च्या बारचे वजन मीटरला ७.५६ किलो, म्हणजे जवळजवळ २० टक्के जास्त पोलाद लागले आणि ते सगळे चिपमध्ये गेले. लिहिले नाही तर त्या महिन्याचा उतारा संशयास्पद दिसणारच.

वीजबिल पाहून "एवढ्या युनिटमध्ये एवढे नग व्हायला हवे होते" असे म्हणणारे अधिकारीही भेटतात. एक्साइजच्या काळात आर. ए. कास्टिंग्ज या प्रकरणात केवळ वीजवापरावरून चोरटे उत्पादन ठरवता येत नाही, असा निकाल लागला आहे. तरी मशिनचे लॉगशीट ठेवलेले बरे. ट्रायल, सेटिंग आणि रिकामे फिरणे यातही युनिट जळतात.

रोजच्या नोंदी: किती आणि कोणी

महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. चार रजिस्टर पुरतात, फक्त ती त्या-त्या जागी आणि त्या-त्या माणसाच्या हातात हवीत.

आवक रजिस्टर गेटवर किंवा स्टोअरमध्ये. तारीख, पुरवठादाराचे बिल, बिलावरचे वजन, आपल्या काट्यावरचे वजन, हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक). दोन वजनांत फरक आला तर त्याच दिवशी डेबिट नोट. इनपुट क्रेडिटसाठी (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) माल हातात आलेला असावा लागतो. मार्चच्या बिलाचा माल ४ एप्रिलला आला, तर त्याचे क्रेडिट मार्चमध्ये घेता येत नाही आणि तो माल मार्चच्या मोजलेल्या साठ्यातही धरता येत नाही. वर्षअखेरच्या बहुतेक गोंधळांचे मूळ इथे असते.

इश्यू स्लिप स्टोअरकडून मशिनला: किती बार, कोणत्या जॉबला. उत्पादनाचे दैनिक पान सुपरवायझरकडे: मशिन, शिफ्ट, पास, रिजेक्ट. चौथे भंगार रजिस्टर, आणि ते सगळ्यात महत्त्वाचे. चिप, एंड पीस आणि रिजेक्ट वेगवेगळ्या ड्रममध्ये, आठवड्याला वजन, उचल झाली की बिल क्रमांक. ओल्या चिपमध्ये कूलंट (कापताना थंड ठेवणारे द्रव) असतो, म्हणून ताजी चिप जड भरते आणि निथळल्यावर हलकी. वजन नेहमी एकाच अवस्थेत घ्या आणि ती अवस्था शेऱ्यात लिहा.

भंगाराच्या बिलाबरोबर दोन गोष्टी येतात. आयकरात भंगार विक्रीवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा कर, आहे (मालक व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर आधीच्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर असल्यास). जीएसटीत १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत खरेदीदार नोंदणीकृत विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेताना २ टक्के टीडीएस कापतो. ही सवलत समजा. भंगारवाल्याने कापलेला टीडीएस पोर्टलवर दिसतो, तो तुमच्या भंगार विक्रीचा तिसऱ्याने दिलेला पुरावा असतो.

रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका. नियम ५६ प्रमाणे चूक एका रेघेने कापायची, सही करायची आणि बरोबर नोंद पुढे लिहायची. व्हाइटनरचा ठिपका दिसला की तपासणारा तिथेच थांबतो. सॉफ्टवेअरमध्ये असेल तर बदलांचा लॉग चालू ठेवा.

महिनाअखेरीला अर्धा तास बसून उत्पादन हिशेबाचे एक पान करा. वर दिलेल्या सहा ओळींसारखे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष भंगारात २ टक्क्यांहून जास्त फरक आला तर कारण लिहा. ही २ टक्क्यांची मर्यादा कायद्यातली नाही. आपल्या कामाप्रमाणे ठरवा, पण ठरवा. टॅलीत बिल ऑफ मटेरियल (एका नगाला किती माल लागतो त्याची यादी) आणि मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) वापरले तर किलोचे नगात रूपांतर आपोआप होते. ते न वापरता थेट विक्री बिले काढली की तयार मालाचा साठा वजा दिसू लागतो. वजा साठा असलेली फाईल अधिकाऱ्याच्या हाती देणे म्हणजे वह्या अविश्वसनीय आहेत हे आपणच सांगणे.

घट आणि नाश यातला फरकही नोंदीतच ठरतो. प्रक्रियेत स्वाभाविकपणे जाणाऱ्या घटीवर क्रेडिट परत करावे लागत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एआरएस स्टील्सच्या प्रकरणात म्हटले. चोरी, आग, पुरात गेलेला माल आणि निर्लेखित केलेला माल मात्र कलम १७(५)(एच) मध्ये येतो आणि त्यावरचे क्रेडिट परत करावे लागते. सांगली-कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आला, तसा प्रसंग ओढवला तर विमा कंपनीला दिलेला आकडा आणि जीएसटीत परत केलेले क्रेडिट हे एकाच रजिस्टरवरून आले पाहिजेत. क्रेडिट जाणार असल्यामुळे विम्याची रक्कम जीएसटी धरून ठरवलेली बरी. हे पॉलिसी घेतानाच पाहा.

जॉबवर्क: आपला माल बाहेर, दुसऱ्याचा आत

साठ्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. तुमचे ८,००० बुश प्लेटिंगला गेलेले असतात आणि तुमच्या शेडमध्ये ग्राहकाने कामासाठी दिलेले, त्याच्याच मालकीचे (फ्री-इश्यू) फोर्जिंग पडलेले असते. तपासणी पथक आले की बाहेरचे मोजले जात नाही आणि आतले सगळे तुमचे धरले जाते. एकाच दिवशी एका वस्तूत तूट, दुसरीत जादा.

ग्राहकाच्या मालाला वेगळा रॅक, वेगळा रंग, टॅगवर ग्राहकाचे नाव आणि चलन क्रमांक. डाय, पॅटर्न आणि गेज ग्राहकाचे असतील तर त्यांचीही यादी.

बाहेर पाठवताना चलन तीन प्रतींत, त्यावर नग आणि वजन दोन्ही. कच्चा किंवा अर्धवट माल एका वर्षाच्या आत आणि भांडवली वस्तू तीन वर्षांच्या आत परत यायला हव्यात. तसे झाले नाही तर ज्या दिवशी माल पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असे कलम १४३ प्रमाणे धरले जाते, म्हणजे व्याजही त्या दिवसापासून. डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ही मुदत नाही. आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा फॉर्म उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षाला एकदा.

प्लेटरकडे झालेले रिजेक्शन हमखास सुटते. ८,००० गेले, ७,८६० आले, १४० नगांचे काय झाले? त्याच्याकडून तेवढ्या नगांचे रिजेक्शन चलन घ्या आणि ते नग परत आणून भंगारात टाका, किंवा त्याने विकले असतील तर त्याच्या बिलाची प्रत ठेवा. दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येक जॉबवर्करकडून शिल्लक नगांची सही केलेली चिठ्ठी मागवा. व्हॉट्सॲपवर आली तरी चालेल, फक्त प्रिंट काढून फाईलला लावा.

३१ मार्चची मोजणी

एक दिवस मशिन बंद ठेवायला मालक तयार नसतात. मग ३१ तारखेची दुसरी शिफ्ट संपल्यावर रात्री मोजा. मोजणीआधी कट-ऑफ पक्का करा: शेवटचे विक्री बिल, शेवटचे चलन, शेवटची आवक, शेवटची इश्यू स्लिप, या चारांचे क्रमांक मोजणीच्या पहिल्या पानावर लिहा. बिल झालेला पण गाडीत न चढलेला माल बाजूला काढा. मालकी ग्राहकाकडे गेली असेल तर तो साठ्यात येत नाही. गेली नसेल तर ते बिलच वेळेआधी झाले.

मोजणारे दोघे, त्यातला एक स्टोअरचा नसलेला. बारचे मीटर मोजून सूत्राने वजन काढा आणि दोन-तीन बंडल काट्यावर पडताळा. छोटे नग असतील तर १०० नगांचे वजन घेऊन संपूर्ण क्रेटचे वजन भागा. क्रेटचे रिकामे वजन वजा करायला विसरू नका, ही चूक दरवर्षी होते. अर्धवट माल कुठल्या ऑपरेशनवर आहे ते लिहा. बोअर झालेला नग आणि नुसता कापलेला तुकडा यांचे वजनही वेगळे असते आणि किंमतही. प्रत्येक पानावर पेनने आकडे, दोघांच्या सह्या, मोबाइलने फोटो.

मूल्यांकनात लोक दोन टोकांना जातात. आयसीडीएस २ या आयकरातल्या साठा-मूल्यांकनाच्या मानकाप्रमाणे किंमत म्हणजे उत्पादन खर्च किंवा विक्रीतून निव्वळ मिळणारी रक्कम, यातली कमी असेल ती. खर्च फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असे धरून) किंवा भारित सरासरीने. आपल्या बुशचे पाहू. बार ८० रुपये किलो, ३९८ ग्रॅमचे ३१.८४. चिपचे परत मिळणारे ४.४७ वजा, उरले २७.३७. मशिनिंग १४ आणि प्लेटिंग ५ धरले तर ४६.३७. साठ्यात ४,००० तयार नग असतील तर १,८५,४८० रुपये. अकाउंटंटने नुसत्या मटेरियलच्या भावाने लावले तर १,०९,४८०, आणि नफा ७६,००० ने कमी दिसतो. ६० रुपये विक्री भावाने लावले तर उलट, न झालेल्या नफ्यावर कर जातो. कार्यालयीन आणि विक्री खर्च यात धरायचे नाहीत. कलम १४५ए प्रमाणे खरेदी, विक्री आणि साठा जीएसटीसह दाखवावा लागतो. नफ्यावर सहसा परिणाम होत नाही, पण ऑडिट रिपोर्टमध्ये तो तक्ता लागतो.

"यंदा साठा कमी दाखवला तर पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा कमी, मग हिशेब आपोआप सरळ" असे अनेक जण म्हणतात. दोन वर्षांची बेरीज सरळ होत असेलही. कर मात्र दरवर्षी स्वतंत्र लागतो, आणि कमी दाखवलेल्या वर्षाचे व्याज आणि कलम २७०ए चा दंड (कमी दाखवल्यास कराच्या ५० टक्के, चुकीचे दाखवल्यास २०० टक्के) पुढच्या वर्षी जास्त भरल्याने माफ होत नाही.

बँकेला एक, आयकराला दुसरे

कॅश क्रेडिटची मर्यादा टिकवण्यासाठी बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ४० लाख आणि ताळेबंदात २५ लाख. हा १५ लाखांचा फरक कलम ६९बी खाली अघोषित गुंतवणूक म्हणून धरला जाऊ शकतो. माल फक्त तारण म्हणून नोंदवलेला, ताबा कारखान्याकडेच आणि बँकेने प्रत्यक्ष मोजलेला नाही, अशा वेळी करदात्याच्या बाजूने निकाल लागलेले आहेत. माल बँकेच्या ताब्यात किंवा कुलपात असेल, किंवा बँकेच्या अधिकाऱ्याने मोजणी करून सही केली असेल, तर हा बचाव टिकणे अवघड. आणि "बँकेला खोटे सांगितले होते" असे लेखी देणे हा बचाव तसा महागच. कंपनीची खेळती भांडवल मर्यादा ५ कोटींच्या वर असेल आणि कारो (कंपन्यांच्या ऑडिट अहवालाचा आदेश) लागू असेल, तर ऑडिटरला बँकेची त्रैमासिक विवरणे वह्यांशी जुळतात का हे लिहावेच लागते.

दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट उत्पादन हिशेबाच्या त्याच पानावरून काढले तर ही भानगड मुळातच उरत नाही. मर्यादा कमी पडत असेल तर ती वाढवून घ्या, साठा फुगवू नका.

पथक दारात आले तर

जीएसटीच्या पथकाकडे आयएनएस-०१ हे अधिकारपत्र असते. पाहून घ्या, तारीख आणि नाव टिपून ठेवा. आयकराच्या कलम १३३ए खालच्या पाहणीत साठ्याची यादी करता येते, वह्या ताब्यात घेता येतात, पण साठा किंवा रोकड उचलून नेता येत नाही.

मोजणीच्या वेळी स्टोअरचा जाणकार माणूस सोबत ठेवा. "अंदाजे १८ टन" असे लिहिले जात असेल तर तिथेच नम्रपणे सांगा की काट्यावर वजन घ्या. जागा नसेल तर वे-ब्रिजचा खर्च करा, तो स्वस्त पडतो. अर्धवट माल तयार मालाच्या भावाने लावला जातोय का, ग्राहकाचा माल आपल्यात धरला जातोय का, हे पाहा. यादीवर सही करण्याआधी हरकती त्याच कागदावर लिहा: अमुक रॅक अमुक ग्राहकाचा, चलन क्रमांक अमुक. नंतर दिलेला खुलासा हा "नंतर सुचलेला" ठरतो. प्रत मागून घ्या.

समजा पाहणीत १२ टनांऐवजी १८ टन बार सापडला. ६ टन, ८० रुपयांनी ४,८०,०००. अघोषित गुंतवणूक ठरली तर कलम ११५बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, मग ४ टक्के उपकर: एकूण ७८ टक्के, म्हणजे ३,७४,४००. वर कराच्या १० टक्के दंड लागू शकतो, आणि यातून खर्च किंवा तोटा वजा होत नाही. जादा साठा धंद्याच्याच मालात मिसळलेला आणि धंद्याच्याच उत्पन्नातून आलेला आहे हे दाखवता आले, तर तो धंद्याचे उत्पन्न म्हणून नेहमीच्या दराने धरावा असे अनेक आयकर न्यायाधिकरणांनी म्हटले आहे. म्हणून दबावाखाली "होय, हे माझे अघोषित उत्पन्न" असे सरसकट लिहून देऊ नका. फरक का आला ते सांगा. बहुतेक वेळा कारण साधे असते: आलेल्या मालाचे बिल टॅलीत चढलेले नसते.

तूट सापडली तर आयकरात मालाची पूर्ण किंमत नव्हे, तर त्या विक्रीतला नफाच जोडावा, हा युक्तिवाद टिकतो. जीएसटीत मात्र पूर्ण किमतीवर कर. जादा मालावर थेट कलम १३० ची जप्ती लावण्याचे प्रकारही झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत वारंवार म्हटले आहे की नोंदणीकृत व्यक्तीच्या आवारातल्या जादा साठ्यासाठी कर ठरवण्याची नेहमीची कलमे आहेत, जप्ती नव्हे.

वह्याच नाकारल्या गेल्या (कलम १४५(३)) तर प्रकरण टक्केवारीवर येते. ७१ लाखांच्या विक्रीवर १८ टक्के ढोबळ नफा दाखवला आणि अधिकाऱ्याने २२ धरला, की २ लाख ८४ हजार उत्पन्नात वाढले.

मागची वर्षे बिघडलेली असतील तर

जुनी रजिस्टर आता बसून लिहू नका. एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेली तीन वर्षांची वही कोणालाही ओळखू येते, आणि खोट्या नोंदीला कलम २७१एएडी खाली त्या रकमेइतकाच दंड आहे. त्याऐवजी आज प्रत्यक्ष मोजणी करा, सही-तारखेसह. मग खरेदी बिले, विक्री बिले आणि ड्रॉइंगची वजने यावरून मागच्या प्रत्येक वर्षाचा उतारा काढा. हा मागाहून काढलेला ताळा आहे, असे त्यावर स्पष्ट लिहा.

भंगारासारखी खरी चूक निघाली तर नोटिशीची वाट न पाहता डीआरसी-०३ या जीएसटी फॉर्मने कर आणि व्याज भरा. आयकरात अद्ययावत विवरणपत्राला ४८ महिने आहेत. जादा कर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, पुढे दर वर्षी ५०, ६०, ७० असा चढतो, आणि पाहणी होऊन गेल्यावर ही वाट बंद होते.

कागद किती वर्षे ठेवायचे? जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ ची देय तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणजे त्या वर्षाच्या इश्यू स्लिपा, वजनाच्या पावत्या आणि जॉबवर्करच्या चिठ्ठ्या ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. प्रकरण अपिलात असेल तर ते निकाली निघाल्यावर आणखी एक वर्ष किंवा ही ७२ महिन्यांची मुदत, जे उशिरा येईल तोवर. थर्मल प्रिंटरच्या वजन-पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. महिन्याच्या महिन्याला झेरॉक्स काढून उत्पादन हिशेबाच्या पानामागे पंच करा.